गाळायला सांगितलेल्या चार ओळी

"तेवढ्या चार ओळी उद्या सोडा, मास्तर," गुलाबराव म्हणाले.

"कोणत्या?" मी विचारलं. कोणत्या ते मला चांगलं ठाऊक होतं.

"दोस्तीच्या निबंधातल्या. शेवटल्या."

गुलाबराव माझे मालक. अमरावतीत त्यांची अडत होती. म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस आपल्या ओट्यावर घ्यायचा, मोठ्या खरेदीदारांना विकून द्यायचा आणि मधे आपली दलाली ठेवायची; थोडा माल स्वतःही घेऊन साठवायचा. मी मूळचा शाळामास्तर, पुण्याकडून वऱ्हाडात शिकवायला आलेला. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथे कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईच्या कंपन्यांची इंग्रजी पत्रं अडत्यांच्या दारात पडू लागली. ती वाचणारा माणूस हवा होता. मी शाळा सोडली आणि गुलाबरावांचा 'इंग्लिश क्लार्क' झालो. लोक मात्र मास्तरच म्हणत राहिले.

काम सोपं दिसे. टपाल आलं की पत्र फोडायचं आणि तिथल्या तिथे मराठीत वाचून दाखवायचं. गुलाबरावांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मी वाचीन तेच त्यांच्यासाठी पत्रात लिहिलेलं असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

मुंबईच्या एका कंपनीचा एजंट बदली होऊन जाताना मला एक जुनं पुस्तक देऊन गेला होता. दोन-तीन पानांचे निबंध. एक सत्तेवर, एक काळावर, एक मैत्रीवर, असे. टपाल नसलं की मी ते उघडून बसायचो. एकदा गुलाबरावांनी विचारलं, "त्यात कापसाचं काय लिवलं हाये?"

"काहीच नाही. विचार आहेत."

"मंग ते तरी ऐकवा. रिकामे काहून बसता?"

तेव्हापासून आमचं वाचन सुरू झालं. असा ऐकणारा मला शाळेत एकही मिळाला नाही, हे मी आनंदाने सांगतो. दर वाक्याला ते मला थांबवत आणि बाजारातला दाखला मागत, नाहीतर स्वतःच देत. काळ साठवून ठेवता येत नाही, असं एका निबंधात होतं. ते म्हणाले, "खरं हाये. कापसाले गोदाम तरी असते." सत्ता वाढली की माणसाला 'नाही' म्हणणारे कमी होतात, असं दुसऱ्यात होतं. त्यावर हसून म्हणाले, "मले कोनी नाई म्हनतच नाई आता. बरं वाटते."

मैत्रीचा निबंध मात्र त्यांनी मान खाली घालून ऐकला. शेवटच्या ओळी अशा होत्या: मित्राने एकांतात विश्वासाने जे सांगितलं, ते जो चारचौघांत आपलं वजन दाखवायला बोलून टाकतो, त्याचा मित्र जातो. त्याच्याजवळ उरतात ते फक्त बघे.

मान खाली का गेली, ते सांगतो. अकोटचे करीमभाई त्यांचे जुने दोस्त. त्यांचे रेचे होते, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायची यंत्रं. दोघांचा सौदा नेहमी रुमालाखाली होई. ही आमच्याकडची रीत. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवतीच्यांना काही कळत नाही, आणि रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही, हा बाजाराचा धर्म. त्या हंगामात अकोल्याच्या बाजारात कंपनीचा नवा साहेब शेजारी उभा होता. करीमभाईंना पैशाची नड होती, म्हणून त्यांनी दोस्ताच्या हातात अगदी खालचा भाव दाबला. गुलाबरावांनी हात बाहेर ओढला आणि तो भाव साहेबाला मोठ्याने ऐकवला. पाहा, मला रुई किती स्वस्तात मिळते! झालं. त्या हंगामात करीमभाईंना कोणीच वरचा भाव दिला नाही. त्यांनी गुलाबरावांच्या ओट्यावर पाय ठेवणं सोडलं.

आता नव्या गोदामाच्या मुहूर्ताच्या बैठकीला साहेब येणार होते, अमरावती-अकोल्याचे व्यापारी येणार होते, आणि फार विनवण्या केल्यावर करीमभाईही. गुलाबरावांच्या हौसेखातर मी पाहुण्यांना ते निबंध मराठीत वाचून दाखवायचे होते.

"मैत्रीचा अख्खा निबंधच नको," मी सुचवलं. "दुसरे दोन वाचतो."

"करीम येऊन राहिला. दोस्तीचं वाचाच लागन. फक्त ते चार ओळी नाई."

"मालक, मी वाचीन ते सगळं वाचीन. उद्या चार ओळी गाळल्या, तर परवा मुंबईच्या पत्रातली ओळ मी गाळली नाही, हे तुम्ही कशावरून धराल?"

गुलाबराव शांतपणे म्हणाले, "वाचल्या तर परवा पत्र वाचाले येऊ नका."

शाळेतली माझी जागा तर केव्हाच भरली होती. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग पुण्याला जायची बांधाबांध करू का?" मी म्हटलं, कर. मला तिचा तेव्हाही अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो.

बैठक भरली. गाद्या, तक्के, अत्तर, पान. करीमभाई दाराजवळच बसले. काळावरचा निबंध लोकांनी हसत ऐकला, सत्तेवरचा माना डोलवत. मैत्रीचा सुरू केला. शेवटच्या ओळींपाशी मी पाणी प्यालो. गुलाबराव माझ्याकडे टक लावून बघत होते. मी त्या चारही ओळी वाचल्या, सावकाश, आवाज न चढवता.

मग करीमभाई बोलले. "मास्तर, ये किताब में है, का तुमी आपल्या मनानं जोडलं?"

मी तोंड उघडायच्या आधी गुलाबरावच म्हणाले, "किताबात हाये. काल म्या याले म्हटलं होतं, ते सोडून दे. यानं सोडलं नाई."

ते उठले. सगळ्या बैठकीतून चालत दारापर्यंत गेले, करीमभाईंसमोर मांडी घालून बसले, खांद्यावरचा रुमाल अंथरला आणि हात खाली घातला.

"आज काही विकाले नाई आणलं म्या," करीमभाई म्हणाले.

"मले बी काही घ्याचं नाई."

करीमभाईंनी बराच वेळ रुमालाकडे पाहिलं. मग त्यांनीही हात घातला. आत कोणी कोणाची बोटं दाबली, कोणाला ठाऊक. साहेबाने मला हळूच विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं, सर, ते विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, निदान पुस्तक आणायला तरी. गुलाबरावांनी टपाल माझ्यापुढे सरकवलं. "वाचा. मले झोंबनारी ओळ असन तर ते पहिले वाचा."

पुढे अमेरिकेतली लढाई संपत आल्याचं पत्र आलं, म्हणजे तिकडचा कापूस विलायतेला पुन्हा मिळणार आणि इथले भाव पडणार. पेठेतल्या काही क्लार्कांनी ते आपापल्या मालकांना गोड करून वाचलं, असं नंतर कळलं. मी आहे तसं वाचलं. गुलाबरावांनी त्याच दिवशी माल काढायला घेतला. पण त्याआधी अकोटला घोड्यावरून माणूस पाठवला, करीमभाईंची रुई आधी विकली जावी म्हणून. भाव कोसळले तेव्हा दोघांची गोदामं रिकामी होती.

पत्रातल्या गोड ओळी कोणीही वाचून दाखवतो. क्लार्कला पगार कडू ओळीचा मिळतो.