उघड्या कपाटांचं वर्ष

शाळेच्या ग्रंथपालाला सहसा टपाल येत नाही. टपाल येतं ते मुख्याध्यापकांना, फार तर कार्यालयाला. त्यामुळे महिन्यातून एकदा माझ्या हुद्द्याच्या नावे येणारं ते चार पानी वार्तापत्र मला फार लाडकं होतं. शहरातल्या शाळांच्या ग्रंथपालांनी आपापसांत चालवलेलं, सायक्लोस्टाइल केलेलं, कुठे शाई दाट तर कुठे इतकी फिकी की अक्षर अंदाजानं लावायचं. कुणाला नवी खोली मिळाली, कुणाच्या कपाटाला वाळवी लागली, कोण निवृत्त झालं, आणि शेवटच्या पानावर चौकटीत पुढच्या वर्गाची सूचना. जगाच्या दृष्टीनं ती बातमी नव्हेच. पण मी ते दुपारच्या सुट्टीनंतर, खोली रिकामी असताना, चहा बाजूला ठेवून सावकाश वाचत असे.

तेव्हाचं कोथरूड अर्धं शेतांचं आणि अर्धं सोसायट्यांचं होतं. ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या खिडकीतून टेकडी दिसे आणि टेकडीच्या अलीकडे एका अपुऱ्या इमारतीवर वाळत टाकलेली कुणाची तरी गोधडी. दुपारचं ऊन कपाटांच्या काचांवर पडलं की आतली पुस्तकं दिसेनाशी व्हायची आणि काचेत मीच दिसायचे. कपाटांना कुलपं होती. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असे आणि मी चालले की तो वाजे. मुलं म्हणायची, बाई आल्या.

आमची पद्धत अशी होती. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाचा ग्रंथालयाचा तास. मी एक गठ्ठा काढून ठेवायचा, मॉनिटरनं रांगेत वाटायचा. ज्याच्या हातात जे येईल ते त्यानं वाचायचं. कोंबडीपालनावरचं पुस्तक हाती आलं तर अख्खा तास कोंबड्या. वरच्या वर्गांना पुस्तक घरी नेता येई, पण पाचवी-सहावीला नाही, ती फाडतात म्हणून. तास संपला की गठ्ठा परत, कपाट बंद. अर्धी राहिलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. मला यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण सगळीकडे असंच चाले.

मग एका एप्रिलमध्ये चौकटीतली सूचना आली: मे महिन्यात सदाशिव पेठेत शालेय ग्रंथपालांसाठी उजळणी वर्ग. मी लगेच अर्ज केला. घरी यांनी विचारलं, "इतकी वर्षं पुस्तकं देतेस-घेतेस, आता त्यात शिकायचं काय राहिलं?" मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं जेवताय, तरी मीठ कमी पडलं की कळतंच ना?" त्यावर ते पेपरात गेले.

वर्ग एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरे. पंखा फिरायचा, पण वारा देण्याचं काही मनावर घेत नव्हता. खालून सायकलींच्या घंट्या, कुठल्या तरी क्लासमधली गणिताची पाढ्यांसारखी म्हटलेली सूत्रं, आणि ताज्या दळणाचा वास. शिकवणारे सर निवृत्त ग्रंथपाल होते, अंगानं काटकुळे, बोलणं त्याहून कोरडं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाकुणाच्या कपाटांना कुलपं आहेत?" सगळे हात वर. "छान. मग आत लोणचं ठेवत चला. कुलूप तरी सार्थकी लागेल."

आम्हाला त्यांनी दशांश वर्गीकरण नव्यानं शिकवलं आणि माझं डोकं फिरवून टाकलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा आहे ही कल्पना मला आधीही ठाऊक होती, पण त्या मे महिन्यात ती अंगात भिनली. वर्ग सुटला की मी बसथांब्याकडे चालत जायचे आणि पेठ माझ्यासमोर आपोआप मांडली जायची. दवाखाना सहाशे दहा. मसाल्याचं दुकान सहाशे एक्केचाळीस. गच्चीवर दुर्बीण लावून बसणारे एक आजोबा पाचशे तेवीस. एका खिडकीत एक मुलगी केस विंचरत होती, तिला कुठे ठेवावं ते मला बस येईपर्यंत ठरवता आलं नाही. रविवारी आम्ही खडकवासल्याला गेलो. संध्याकाळचं पाणी इतकं निवांत होतं की वाटावं, इथंच पदर पसरून झोपावं. हे म्हणाले, "बघ, काय पाणी आहे!" मी म्हटलं, "सहाशे सत्तावीस." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

माझ्या शेजारच्या बाकावर पूर्वेकडच्या पेठेतल्या एका मुलींच्या शाळेच्या ग्रंथपाल बसत. मी मनात त्यांना शेजारीणबाई म्हणू लागले. त्यांचं मुसलमान घर पुण्यात कैक पिढ्यांचं, वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान. खळ किती वेळ शिजवायची आणि किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद किती घालायचं, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना एका दुपारी सहज दाखवलं. बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध आणि कमी. डब्यातली शेवयांची खीर मात्र अर्धी माझी.

वर्गाच्या शेवटी सर मुक्तद्वार पद्धतीवर बोलले. कपाटं उघडी ठेवायची, मुलांनी स्वतः पुस्तक निवडायचं, चाळायचं, नको असेल तर परत ठेवायचं. खोलीत एकदम चुळबुळ सुरू झाली. पुस्तकं चोरीला जातील, फाटतील, मुख्याध्यापक काय म्हणतील. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्यापैकी एकीनं जरी करून दाखवलं, तर बाकीच्यांच्या मुख्याध्यापकांना सांगायला काहीतरी होईल." का कोण जाणे, मी हात वर केला. हात वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो माझाच आहे.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कडक होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "एक वर्ष," त्या म्हणाल्या. "मार्चच्या पडताळणीत पुस्तकं जागेवर नसली, तर कुलपं परत. मग तुमचं ते मुक्तद्वार तुमच्या घरी करा." किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मागून घेतला आणि आपल्या खणात टाकला. जुलैच्या वार्तापत्रात ठळक ओळ आली: कोथरूडच्या एका शाळेत कपाटं उघडली, मार्चच्या पडताळणीनंतर अहवाल. पाच-सहा शाळांमधून मला विचारणा झाली. सगळ्या थांबल्या होत्या, माझं काय होतंय ते पाहायला. मला रात्री झोप लागेना. बुडाले असते तर एकटी बुडाले नसते.

पण ते वर्ष! पहिल्या तासाला मुलं उघड्या कपाटासमोर नुसती उभी राहिली. हात लावायला कुणी धजेना. मग एकानं बोट पुढे करून एका पुस्तकाच्या पाठीला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, मुद्दाम. त्यानंतर खोलीला जो आवाज आला तो मी आजही मिटल्या डोळ्यांनी ऐकू शकते: पानांची सळसळ, फरशीवर मांडी घातल्याची खसखस, कुजबुज, कुणाचं तरी दाबलेलं हसू. मुलं जमिनीवर, खिडकीत, कपाटाच्या आडोशाला लोळून वाचत. ऊन त्यांच्या पाठींवरून सरकत जाई. मला कधी कधी वाटे, ही शाळा नाहीच, आपण दुपारी डुलकी काढली आहे आणि हे सगळं तिच्यात चाललं आहे.

गावठाणातली एक सहावीतली मुलगी होती. तिच्या घरच्यांची जमीन सोसायट्यांत गेली होती, भाषा मात्र अजून शेतातलीच होती. घंटा झाली की ती हातातलं पुस्तक छातीशी धरून विचारी, "बाई, फुडच्या टायमाला बी हितंच असंल न्हवं?" मी म्हणे, "कुणी घेतलं नाही तर असेल." ती माझ्याकडे असं बघे, की मी तिची थट्टाच करते आहे.

मार्च उजाडला. पडताळणीला ग्रंथपाल एकमेकींच्या मदतीला जातात, ती आमची जुनी रीत. एकीनं कपाटासमोर उभं राहून पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक वाचायचे, दुसरीनं नोंदवहीत खूण करायची. शेजारीणबाई आल्या. त्यांच्या शाळेची पडताळणी एका सकाळीत उरकली होती, सगळं जागच्या जागी, त्या तशा नेटक्याच. आम्ही सुरुवात केली. पहिल्या कपाटातच खुणा सुटायला लागल्या. दुसऱ्यात आणखी. मी वाचत होते, थांबत होते, परत वाचत होते. माझा आवाज बारीक होत गेला. नेमकी चांगली चांगली पुस्तकं नव्हती: शिकारीच्या गोष्टी, परीकथा, नकाशात बेटं असलेलं ते जाड पुस्तक. व्याकरण सगळं शाबूत होतं. कोंबडीपालनही.

मोठ्या बाई डोकावून गेल्या. नोंदवहीच्या मोकळ्या जागांवर त्यांनी नजर फिरवली. "सोमवारी कुलपं," एवढंच म्हणाल्या. मला रडू यायला लागलं. पुस्तकांसाठी नव्हे. मुलांनी मला फसवलं असं वाटलं, आणि ते फार लागलं. मी शेजारीणबाईंना म्हटलं, "सरांना काय सांगू? आणि त्या बाकीच्यांना? आता पुढची दहा वर्षं कुणी कपाट उघडणार नाही."

त्या भूगोलाच्या रांगेकडे बघत होत्या. "तुम्ही पुस्तकं इतकी कडेला का लावता हो?" त्यांनी विचारलं. खरंच, ती रांग फळीच्या काठापर्यंत आली होती. मी काही तशी लावली नव्हती. त्यांनी नकाशांची दोन जाड पुस्तकं बाहेर काढली आणि मागच्या अंधारात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात बेटांचं पुस्तक होतं. मध्ये खुणेला मोरपीस.

मग आम्ही दोघी लहान मुलींसारख्या त्या खोलीवर तुटून पडलो. व्याकरणाच्या मागे परीकथा, कारण व्याकरणाला कोण हात लावतंय! जुन्या अहवालांच्या मागे शिकारी. कपाटावरच्या पृथ्वीच्या गोलाखाली एक, खिडकीच्या लाकडी पेटीत दोन. प्रत्येकात खूण होती: बसचं तिकीट, रिबिनीचा तुकडा, चिंचेच्या गोळीचा कागद, सुकलेलं शेवंतीचं फूल. लहान वर्गांना पुस्तक अजूनही घरी नेता येत नाही, पुढच्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, म्हणून ज्यानं त्यानं आपलं पुस्तक खोलीतच दडवलं होतं. एक वर्षभर मी त्यांच्यात बसून होते आणि मला पत्ता नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हा. मी फरशीवर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते.

मोठ्या बाईंना बोलावलं. टेबलावर ढीग होता, एक-दोन पुस्तकं तेवढी खरोखरच सापडली नव्हती. त्यांनी बेटांचं पुस्तक उचललं, मोरपीस काढलं, पान बघितलं, पीस तिथंच परत ठेवलं. "ही शिस्त नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हे," मी म्हटलं.

"पण चोरीही म्हणता येत नाही." त्यांनी चष्मा लावला. "किल्ल्या माझ्याच खणात राहू देत. तुमच्या ग्रंथालयात ठेवल्या तर त्याही कुणी लपवेल." आणि त्या निघून गेल्या. कपाटं उघडीच राहणार होती. मला उठून उडी मारावीशी वाटली, पण माझं वय आणि साडी दोन्ही आड आली.

मी ढिगातलं वरचं पुस्तक घेतलं आणि सवयीनं त्याचा क्रमांक बघून योग्य फळीकडे निघाले. शेजारीणबाईंनी माझा दंड धरला. "असं नका करू," त्या म्हणाल्या. "सोमवारी मुलं ती शोधतील." मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांच्याविषयी माया. मग कुठून काय काढलं होतं ते आठवत, एकमेकींना विचारत, आम्ही सगळी पुस्तकं परत लपवायला लागलो. ऊन टेकडीकडे उतरलं होतं. खोलीत धूळ तरंगत होती आणि आम्ही हळू आवाजात बोलत होतो, कुणी झोपलेलं असावं तसं.

शेवटी बेटांचं पुस्तक राहिलं. ते शेजारीणबाईंच्या हातात होतं आणि त्या ते नुसतं धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "नकाशांच्या मागे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. मोरपिसाच्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं.

"अहो, इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कधी कुणी एक पुस्तक लपवलं नाही."

त्यांनी पुस्तक नकाशांच्या मागे ठेवलं, आत लोटलं, आणि पुढची रांग ओढून पुन्हा फळीच्या काठाला आणली.