चौथ्या थराची फाइल

निवृत्त होताना सरांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "चौथ्या थराच्या फाइलला हात लावू नकोस. चालतंय ना, चालू दे."

आमचा गट कण टिपणाऱ्या एका अवाढव्य यंत्राचं सॉफ्टवेअर सांभाळतो. यंत्र परदेशात. पण त्याची भूमिती, म्हणजे कुठल्या थरातली पोलादी प्लेट कुठे, किती जाडीची, हे सगळं आमच्या कोडमध्ये. कोडमधल्या या यंत्रातून लुटुपुटूचे कण सोडायचे आणि खऱ्या मोजमापाशी ताडून बघायचे. मूळ कोड सरांनी एकट्यानं लिहिलेला, मी शाळेत होते तेव्हाचा. गेल्या वर्षी तो नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोपरखैरण्याच्या घरातूनच करत होते.

तीन थर सुरळीत गेले. चौथ्याची फाइल उघडली, तर वरच लिहिलेलं : तपासणी बंद ठेवावी. कारण दिलेलं नाही. दोन वस्तू चुकून एकाच जागी बसवल्या तर ही तपासणी ओरडते. ती कोण कशाला बंद करेल? मी चालू केली. चहा गाळून येईपर्यंत स्क्रीन लाल झाली होती.

कोडमधल्या यंत्राच्या एका कोपऱ्यात आधाराचा रॉड प्लेटच्या पोटात घुसला होता. तिथून जाणाऱ्या कणांना ती प्लेट दिसतच नव्हती. इतकी वर्षं. आणि आमची एक विद्यार्थिनी त्याच कोपऱ्यावर पीएचडी करत होती. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता.

सर वाशीला, एपीएमसीच्या मागे राहतात. संध्याकाळी गेले. त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बघितलंही नाही.

"उघडलीस ना?"

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

काकू आत जाईपर्यंत ते थांबले. "कळलं तेव्हा माझे तीन शोधनिबंध छापून झाले होते. पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हटलं. तोवर इतरांनी त्याच्यावर काम उभं केलं. मग हातच धजेना."

"त्या मुलीचा प्रबंध..."

"तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग काहीच बिघडलेलं नाही," सर म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले, की माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी आधी तिलाच फोन केला, मग गटाला लिहिलं. तिनं एवढंच विचारलं, "ताई, किती बदलेल?" नव्या भूमितीवर तिनं सगळं पुन्हा चालवलं, तेव्हा आलेखातला जो उंचवटा तिनं शोधून काढला होता, ज्यावर सगळा प्रबंध उभा होता, तो सपाट झाला. प्रबंध लांबला.

सर फोन घेत नाहीत. एकदा काकूंनी उचलला. "जेवतात, बसतात. बोलत नाहीत गं कुणाशी. एवढं काय होतं त्यात?"

आता हा कोड वापरणाऱ्या अनोळखी गटांच्या मेल येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच : आमचंही चुकलं का? मी एकेकाचं तपासते आहे. आजवर एकालाही 'नाही, तुमचं चुकलेलं नाही' असं सांगता आलेलं नाही.