देवाचे तांदूळ

आमच्या घरी चुलीशेजारच्या कोनाड्यात एक मडके असे. भातासाठी तांदूळ निवडून झाले की धुण्याआधी त्यातली एक मूठ आई त्या मडक्यात टाकी. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात तांदूळ पुष्कळ असले तरी मूठ, आणि पेजेपुरते असले तरी मूठच. रविवारी ते मडके फडक्यात बांधून आम्ही उपासनेला नेत असू. गावातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांतून अशी मडकी येत आणि पुढच्या टेबलावर ओळीने मांडली जात. पाळकसाहेब प्रार्थना करीत आणि मग ते तांदूळ मुलींच्या बोर्डिंगात जात.

त्या बोर्डिंगात मी सहा वर्षे होते. म्हणजे मी वाढले ती त्या मुठींवर. पुढे मुंबईला कॉलेजात गेले ती मिशनच्या मदतीने, आणि बी.ए. झाले तेव्हा आमच्या सगळ्या नात्यागोत्यात इतके शिकलेले दुसरे कोणी नव्हते. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तीही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्यापुरती. पावाचा तुकडा खाली पडला तर लहान मुले कपाळाला लावतात, तसे मला त्या मडक्याबद्दल वाटे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झाले ते माझ्या दुष्टपणामुळे झाले असे मला म्हणता येत नाही. म्हणता आले असते तर सोपे गेले असते. ते माझ्या कृतज्ञतेमुळे झाले.

निकाल लागून मी घरी आले ते वर्ष एकोणीसशे तीसच्या पुढचे. नोकरीच्या पत्राची वाट पाहत होते. श्रावणात थोरल्या बहिणीचे बाळंतपण जवळ आले आणि अचानक निरोप आला, म्हणून आई भरतीची वेळ साधून होडीने निघून गेली. जाताना मला काही सांगायला तिला सवडच मिळाली नाही. घर आणि मडके माझ्यावर आले. मी मूठ जरा मोठीच घेत असे.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी परसदाराशी कोणीतरी खोकले. बाहेर एक आगरी बाई उभी होती. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांची मान असते तशी ताठ मान, पण अंगावर मांस नव्हते. तिच्या लुगड्याला धरून पाच-सहा वर्षांची मुलगी उभी होती. खाडीकडे मिठागरे होती आणि पावसाळ्यात ती बंद असत, तेव्हा ही तिथलीच हे मला कळले. पुढे ऐकले की तिचा नवरा मुंबईला गोदीत गेला होता आणि शिमग्यापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता.

"बाय हाय का घरान?" तिने विचारले.

"आई नाही. बहिणीकडे गेली आहे. तुम्हाला काय हवं होतं?"

ती नुसती उभी राहिली. तिच्या नजरेबरोबर माझीही नजर वळली. ती कोनाड्याकडे पाहत होती.

त्या बायका आमच्या हातचे शिजवलेले काही खात नसत, पाणीही घेत नसत. माझे आजोबा बाप्तिस्मा घेण्याआधी कोण होते हे सगळ्या गावाला ठाऊक होते. कोरडे धान्य मात्र कोणाकडूनही चालते. हे सगळे मला माहीत होते, म्हणजे तिला काय हवे ते मला समजायला हवे होते. समजलेही. पण सहा वर्षे ज्या मडक्याने मला पोसले, त्यात मधल्या वारी हात घालायचा ही कल्पनाच मला सहन झाली नाही.

मी म्हटले, "ते देवाचं आहे. रविवारी देवळात जातं. तुम्ही पाळकसाहेबांना भेटा, ते काहीतरी करतील."

तिने मान हलवली. "द्येवाचं हाय," ती म्हणाली. रागाने नाही, टोमणा मारून नाही. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती आणि आता कळली, अशा आवाजात. मग तिने मुलीला म्हटले, "चल गो," आणि दोघी कुंपणाच्या वईतल्या फटीतून गेल्या. मुलगी वळून माझ्याकडे पाहत होती.

मी आत येऊन स्वयंपाकाला लागले. मला वाईट वाटले, पण बरेही वाटले. मोह टाळल्यावर वाटते तसे.

आई तीन आठवड्यांनी परत आली. पायांना खाडीचा चिखल तसाच होता. बहिणीला मुलगा झाला हे सांगायच्याही आधी तिने विचारले, "ती आली होती का? मिठागरातली?"

मी जे झाले ते सांगितले. अगदी तसेच सांगितले, कारण लपवण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते. आई पाय न धुताच उंबऱ्यावर बसली.

"दोन पावसाळे ती येते," ती म्हणाली. "मी तिला मागायला लावत नव्हते. ती यायची, मी मडक्यातून काढून तिच्या ओटीत घालायची, ती जायची."

"मडक्यातून?"

"मग कशातून? आपल्या कणगीत होतं काय तेव्हा?"

"बाबांना ठाऊक आहे? पाळकसाहेबांना?"

"ज्याचे तांदूळ त्याला ठाऊक आहे," आई म्हणाली.

तिने मडके तसेच उचलले आणि पदराखाली धरून मिठागराकडे गेली. तासाभराने परत आली तेव्हाही मडके भरलेलेच होते. बाईने घेतले नव्हते. हात जोडून म्हणाली होती, नको बाय, द्येवाचं हाय ते, मना ठाव नव्हतं, दोन वर्सं खाल्लं त्याची माफी माग तुज्या द्येवाजवल.

दुसऱ्या दिवशी मी गेले. कणगीतले, आमच्या स्वतःच्या जेवणातले तांदूळ पिशवीत घेतले. बांधावरून चालताना मी तोंडपाठ करीत होते की काय बोलायचे. तिची झोपडी मिठागराच्या कडेला होती, कुडाला शेण लावलेले. ती दारात बसली होती आणि आता बसल्याबसल्याही तिला धाप लागत होती. मुलगी कुर्ल्या धरायच्या काठीने चिखलात रेघा मारीत होती.

"हे देवाचे नाहीत," मी म्हटले. "हे आमचे आहेत. आमच्या घरचे. हे घ्यायला काही हरकत नाही."

तिने पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आणि हसली. तिचे ते हसणे मी आजवर उलगडू शकलेले नाही.

"तुजी आय सांगं," ती म्हणाली, "मिठागरान यून बायांना सांगं. आपलं कायच नाय, सगलं त्याचं हाय. जमीन त्याची, पानी त्याचं. मंग हे तुमचं कसं झालं?"

आई खोटे सांगत नव्हती आणि मीही खोटे सांगितले नव्हते. दोन्ही खऱ्या गोष्टी त्या बाईने जवळजवळ ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये तिला खायला काही उरले नव्हते. ती माझी थट्टा करीत होती, की मनापासून घाबरली होती, की तिच्या मानी स्वभावाला एक धड कारण सापडले होते? मी पिशवी तिथेच ठेवून आले. संध्याकाळी ती पिशवी आमच्या परसदाराशी होती. न उघडलेली, गाठही तीच.

आठ दिवसांनी ती बाई मुलीला घेऊन खाडीपलीकडे बहिणीकडे गेली. भाद्रपदात तरीवरच्या नावाड्याने आईला सांगितले की ती वारली. खोकलाच होता, म्हणाला, आन् अंगान काय नव्हतं. आईने मला सांगितले आणि पुढे कधी त्याबद्दल शब्द काढला नाही. एकदाच, मी रडत असताना, ती म्हणाली, "तू खोटं बोलली नाहीस." ती मला धीर देत होती. पण मला मार बसल्यासारखे झाले.

मला घाटावर एका शाळेत नोकरी लागली. तिथे खाडी नाही, मिठागर नाही. पण दुपारी मुली जेवायला घरी गेल्या आणि शाळा रिकामी झाली की मागच्या बाजूला कोणीतरी खोकल्यासारखे वाटे. मी उठून पाहत असे. कधी एखादी म्हैस असे, कधी काहीच नसे. जेवणाआधी आभार मानायला डोळे मिटले की 'तुझ्या दानाबद्दल' या शब्दांपाशी माझी जीभ अडखळे. मी भूतखेत मानत नाही आणि ती बाई भूत झाली असे मला कधी वाटले नाही. ती जिवंत असतानाच माझ्या दाराशी जशी उभी होती तशी उभी राहिली, एवढेच. तिला काही मागायचे नव्हते. म्हणून तिला काही देऊन घालवताही येत नव्हते.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा पाळकसाहेब मुद्दाम घरी आले. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी मी चार शब्द बोलावे, विषय 'आपली मूठ'. आपल्याच बोर्डिंगातली मुलगी पदवीधर होऊन बोलते आहे, लोकांना उत्साह येईल, असे ते म्हणाले. मी नाही म्हटले. ते गेल्यावर आईने विचारले, का नाही?

"का नाही ते तुला ठाऊक आहे," मी म्हटले, आणि मला रडू आले.

आई भाजी चिरत होती. विळी आडवी करून ती उठली. "उद्या गुरुवार. माझ्याबरोबर पलीकडे चल."

"पलीकडे काय आहे?"

"तिची पोर आहे. मावशीकडे असते. काय असणार दुसरं?"

आई दोन वर्षे दर गुरुवारी खाडीपलीकडे जात होती. मला वाटे, ती तिकडच्या बायकांना शास्त्र सांगायला जाते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? दोन वर्षं नुसती त्या बाईची आठवण काढतेस. पोरीचं काय झालं म्हणून एकदा तरी विचारलंस?"

सकाळी तरीवर जाताना मी पुन्हा डोळे पुसू लागले तेव्हा ती म्हणाली, "रडायचं तर होडीत बसून रड. हात रिकामे ठेवू नकोस, हे गाठोडं धर." ओहोटी होती, होडीपर्यंत गुडघाभर चिखल. नावाडी ओरडला, "काय मास्तरीनबाय, चपला हातान? बुकान नाय का लिवलं चिखलान कसं चालाचं?" आई हसली. मीही हसले. त्या माणसाने आमच्याकडून तरीचे भाडे घेतले नाही. गुरुवारी तो आईकडून घेतच नसे.

मावशीचे घर टेकडीच्या पायथ्याशी होते. मुलगी आता आठेक वर्षांची झाली होती, आईसारखी ताठ मानेची. माझ्या आईला पाहून ती धावत आली, मग मला पाहून जागच्या जागी थांबली. मी तिला ओळखले नसते. तिने मला ओळखले.

आई म्हणाली, "आज ही देईल." आणि ओसरीवर मावशीशी बोलत बसली. माझ्याकडे पाठ करून.

मी गाठोडे सोडले. मुलगी उभीच होती. तिने परकराचा ओचा धरला, पण पुढे केला नाही. तांदळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"हे घेतलेलं चालंल?" तिने विचारले.

मी हो म्हणाले. तेवढ्याने तिचा विश्वास बसला नाही. तिने ओसरीकडे पाहिले, आईने मागे न वळताच "घे गं" म्हटले, तेव्हा तिने ओचा पुढे केला आणि मी त्यात तांदूळ ओतले.

पुढे प्रत्येक सुट्टीत मी गेले. चार वर्षे, तिचे लग्न होईपर्यंत. तिला माझी भीती वाटत नव्हती. ती माझ्याशी बोलायची, शाळेतल्या गोष्टी विचारायची, एकदा माझ्या पाठीत चिखलाचा गोळा मारून पळालीसुद्धा. पण गाठोडे सोडले की ती थांबायची. दर वेळी, घेण्याआधी, ती तेच विचारायची. आणि दर वेळी मी उत्तर द्यायची.