पाळी म्हणजे कोणती पाळी?

कोल्हापूरहून निघालेली आमची बस पनवेलला जाणार, असं तिकिटावर छापलेलं होतं. प्रत्यक्षात क्लीनरने कोन फाट्यावर दार उघडलं आणि ओरडला, "चला, पनवेलवाले! गाडी गावात जात नाही." मी वाद घालणार होते, पण तोवर माझी थर्माकोलची पेटी रस्त्यावर पोहोचलीसुद्धा होती. पेटीमागोमाग मी उतरले.

पौषातली सकाळ होती. एका बाजूला प्रबळगडाची भिंत, दूर दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका आणि मधोमध सिमेंटच्या गाड्यांची रांग. थंडी बेताची, धूळ भरपूर. एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मावरा (मासळी) हाय का ताई?"

"नाही. बर्फ आहे."

"नुसता बरफ? कोल्हापूरवरना? आमच्या पनवेलात बरफ मिलत नाय काय?"

मी सरळ सांगून टाकलं की बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायला आले आहे आणि ते थंड ठेवावे लागतात. त्यानंतर गावात शिरेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. अधूनमधून आरशातून पेटी जागेवर आहे ना, एवढं बघत होता.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर वाचकांचंही त्या रिक्षावाल्यासारखं व्हायचं. प्रजननाशी संबंधित संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) आमची प्रयोगशाळा संशोधन करते. स्त्रीच्या अंडाशयात बीजांचा साठा जन्मापासूनच असतो. तो पुढे वाढत नाही, कमी होत जातो. किती उरला आहे याचा अंदाज रक्तातल्या एका संप्रेरकावरून येतो. आमचा प्रश्न असा होता, की ज्या बायकांची दिवस-रात्र कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे उलटीपालटी होते, त्यांच्या अंडाशयाच्या कामाचं काय होतं? आमचे प्रमुख म्हणाले, फोनवरून विचारा, नाहीतर पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीतला गट वगळा. मी दोन्हीला नाही म्हटलं. माझा हा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक असल्यामुळे त्यांनी प्रवासखर्चावर सही केली.

उतरायची सोय रिबेकामावशींकडे होती. मावशी निवृत्त परिचारिका, बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यू कुटुंबातल्या. मुलगी-जावई इस्राएलला, सगेसोयरेही बरेचसे तिकडेच. मावशी मात्र पनवेल सोडायला तयार नाहीत. "तिथे बाजारात भाव करता येत नाही," हे त्यांचं कारण. आल्या आल्या त्यांनी नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण आणि भात वाढला. मी इतकी जेवले की पहिल्या दिवसाचं नियोजन तिथेच कोलमडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळोज्याला गेलो. मावशी सोबत होत्या. औषधाच्या गोळ्या भरणाऱ्या एका कारखान्याने कॅन्टीनचा कोपरा दिला होता. हवेला उग्र वास होता. थोड्या वेळाने तो जाणवेनासा झाला, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. कामगार अधिकाऱ्यांनी बायकांना एकत्र बोलावलं आणि जाहीर केलं, "या मॅडम तुमच्या पाळीबद्दल विचारायला आल्यात. खरं खरं सांगा."

पहिल्या बाई झाडूकामावरच्या, चांगल्या पन्नाशीपुढच्या.

"पाळी अजून चालू आहे?" मी विचारलं.

"चालू हाय ना."

"नियमित?"

"एकदम. कवा चुकवली नाय."

"काही बदल?"

"बदलते ना. दर सोमवारी."

मी पेन थांबवलं. "दर सोमवारी?"

"हां. आदल्या दिशी नोटीस लागते."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मला मात्र उजेड पडायला आणखी दोघीजणी लागल्या. दुसरी म्हणाली, पाळीची काही तक्रार नाही, साहेब देतील ती पाळी चालेल. तिसरी तर घाबरून म्हणाली, "मॅडम, माझी पाळी काढून घेऊ नका, घरी अडचन हाय."

पाळी म्हणजे शिफ्ट! दिवसपाळी, रात्रपाळी. आख्खं आयुष्य मराठीत गेलं, याच एका शब्दावर माझं पोट चालतं आणि कारखान्याच्या दारात उभं राहून तो शब्द कुणाच्या कानावर कसा पडेल याचा मी विचारच केला नव्हता. त्यात साहेबांनी ओळख करून दिलेली. तक्रार केली तर काम जाईल, म्हणून सगळ्यांच्या पाळ्या घड्याळासारख्या चालू होत्या. ती उत्तरं तशीच घेऊन गेले असते, तर तळोज्यातल्या बायकांची प्रकृती उत्तम आहे असा निष्कर्ष निघाला असता. मला हसू आलं आणि रागही आला. मी सगळं गुंडाळलं, साहेबांचे आभार मानले आणि मावशींना म्हटलं, "उद्या गावात. कारखान्याबाहेर. पहिल्यापासून."

"पेटीतला बर्फ?" मावशी म्हणाल्या.

"नवा घेऊ. पनवेलात मिळतो म्हणे."

या बायका राहतात त्या गावात, समाजमंदिरात बसलो. या वेळी मी शब्द बदलला. इथे कुणी 'एमसी' म्हणत होतं, कुणी 'महिना', तर थोरल्या बायका 'बाहेरची' म्हणत होत्या. मी तिन्ही वापरले. आधी हे सांगितलं की कंपनीला काही कळणार नाही, घरच्यांनाही नाही, आणि जिचं रक्त तिलाच निकाल. मग बायका अशा बोलू लागल्या की लिहिणाऱ्या हाताला दम लागला. कुणाचा महिना पुढे गेलेला, कुणाचा वर्षभर घोळ. एकमेकींचं ऐकून त्या एकमेकींकडे चकित होऊन बघत होत्या.

निर्मला सगळ्यात शेवटी आली. तिशीच्या आतली, अंगाने बारीक, गोळ्या पॅकिंगच्या खात्यात कामाला. तिच्यामागे तिची सासू दारात येऊन उभी राहिली आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुनेआधी तीच देऊ लागली.

"हिचा काय लिवताव? सहा वर्सं झाली लग्नाला. गोल्या झाल्या, नवस झालं. शिमगा झाला का हिला माहेरी धाडनार हाय. वांझ बाय घरात ठेवून काय करू?"

हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. ते मी कधी लपवलेलं नाही आणि त्या दिवशीही लपवलं नाही. "आजी, बाहेर बसा," मी म्हटलं. "इथे फक्त तपासणीवाल्या." सासू गेली नाही. शेवटी मावशींनी तिला हाताला धरून, कोणती भाजी कुठे स्वस्त मिळते असं विचारत लांब नेलं.

निर्मलाने सांगितलं, की रात्रपाळी लागल्यापासून तिचा महिना दोन-दोन महिन्यांनी येतो. आजवर सगळ्या तपासण्या, सगळी औषधं तिचीच झाली होती.

"आणि नवऱ्याची?"

"त्यांना कुनी इचारलंच नाय," ती म्हणाली. "ताई, मना येवढंच सांगा, खोट माझ्यात हाय का. शिमग्याच्या आधी सांगा."

"सांगेन. तुला एकटीला." मावशींनी परत येऊन बाकीच्यांसारखंच तिचंही रक्त काढलं, एक नळी पनवेलच्या प्रयोगशाळेसाठी, एक माझ्या पेटीत.

तो शुक्रवार होता. संध्याकाळी मावशींनी दिवा लावला, प्रार्थना म्हटली आणि मनुकांचं सरबत दिलं. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी त्या काम करत नाहीत, म्हणून मी एकटीच वडाळे तळ्याकाठी फिरत बसले. रविवारी गावातल्याच बायकांनी पोपटीला बोलावलं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी. शेंग सोलता सोलता एका मुलीने विचारलं, "बीजांचा साठा म्हंजे काय ओ?" मी हातातली शेंग दाखवली. "यात दाणे किती, ते शेंग धरतानाच ठरलं. नंतर कुणी आत घालत नाही." ती म्हणाली, "मग रोज एकच खायाचा." सगळ्या हसल्या. निर्मला कामावर होती, तिला येता आलं नाही.

रक्ताचे अहवाल पनवेलच्या प्रयोगशाळेतून सोमवारी मिळाले. निर्मला रात्रपाळी संपवून तडक मावशींच्या ओसरीवर आली. डोळे तांबारलेले, कपाळावर टोपीच्या रबराचा वळ. मी तिला समोर बसवलं.

"बीजांचा साठा तुझ्या वयाला हवा तसा आहे."

"म्हंजे खोट नाय?"

मला हो म्हणून टाकायची फार इच्छा झाली. पण खोटा दिलासा देऊन मी परत जाणार आणि ती इथेच राहणार. "या रक्तात नाही," मी म्हटलं. "मूल होईलच, असं कोणतंच रक्त सांगत नाही. महिना लांबतोय, त्यासाठी चांगल्या डॉक्टरीणबाईंना दाखव, दिवसपाळी माग. पण निर्मला, ही अर्धीच तपासणी झाली. उरलेली अर्धी तुझ्या नवऱ्याची."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि बसची वेळ विचारावी तसं विचारलं, "ती कुठं होते? किती येळ लागतो?" मी सांगितलं. मावशींनी पुढे केलेले पोहे तिने सावकाश, सगळे खाल्ले. जाताना चपला घालत म्हणाली, "आज घरी बोलते. सासूच्या म्होरं बोलते."

रात्रभर मला त्या घरात काय चाललं असेल याची काळजी होती.

मंगळवारी दुपारची माझी परतीची बस. सकाळी सामान बांधत असताना दारात एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट. "मी विलास. निर्मलाचा नवरा." मी सावध झाले.

"तिचं काय निघालं?" त्याने विचारलं.

"ते तिला सांगितलंय."

"मी नवरा हाय तिचा."

"असाल. रक्त तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल."

तो हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिला. मी दारातून हलले नाही. तो आवाज चढवणार आणि मीही चढवणार, अशी माझी पूर्ण तयारी होती. तो म्हणाला, "सांगितलं तिनी. मना तुमच्या तोंडून ऐकायचा होता." मग बाही वर सरकवून त्याने हात पुढे केला. "माझं बी रगत घ्या."

मी थक्क झाले. मागे मावशींच्या हातातला डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मी शक्य तितक्या सरळ आवाजात समजावलं, की पुरुषाच्या या तपासणीला रक्त लागत नाही, काय लागतं, आणि त्यासाठी आधी दोन-तीन दिवस नवरा-बायकोने वेगळं राहायचं असतं. तो कानापर्यंत लाल झाला, पण पळाला नाही.

"मी दिवसपाळी, ती रातपाळी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ती अट आठवडाभर पाळूनच आलोय."

मावशी आत जाऊन हसल्या. मी प्रयोगशाळेचा पत्ता सांगितला. तो गाडीला किक मारायच्या आधी मी विचारलं, "आई काय म्हणाल्या?"

"आई बोलत नाय कालपासना," तो म्हणाला. "निर्मला रस्त्यावरच्या फाटकाशी थांबलीय. तिला घेऊनच तिथं जातो." आणि गेला.

परतीच्या बसमध्ये पेटी मांडीवर होती. शेजारच्या गृहस्थांनी ती मासळीचीच समजून नाकाला रुमाल लावला होता, मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. या प्रवासात मी नमुने गोळा केले, अंदाज बांधले, पण निर्मलाला मूल होईल का, हे मला आजही सांगता येणार नाही. आमचं शास्त्र इतकंच करू शकतं, की दोष न तपासता कुणाच्या कपाळी मारू देत नाही. आणि त्यासाठीसुद्धा कुणीतरी घरात उभं राहून तोंड उघडावं लागतं. ते काम प्रयोगशाळेतून होत नाही.

बस घाटाला लागली तेव्हा फोन वाजला. निर्मला होती. मागे गाड्यांचे भोंगे आणि कुणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज.

"ताई, ते आत गेलेत," ती म्हणाली. घाटात आवाज तुटत होता, मी फोन कानाशी घट्ट धरला.

"सहा वर्सं मी आत जायची आनि हे बाहेर बसायचे," ती म्हणाली. "आज मी बाहेर बसलेय."