तात्या, जीप आणि खंडेनवमीची माळ

तात्यांचा देवावर विश्वास होता, माणसांवर बऱ्यापैकी होता. पण जीपच्या खटक्यांवर काडीचाही नव्हता. बॉनेट पाडून दोन्ही बाजूंचे खटके लावले की ते दोन्ही हातांनी बॉनेट वर ओढून पाहत. मग गाडीभोवती एक फेरी मारून पुन्हा ओढत. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मी देवळाली प्रवराजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा तात्या तिथले ड्रायव्हर होते. मी घड्याळ पाहू लागलो की म्हणत, "डाक्टर, तुमी बैलाच्या तोंडात हात घालता, तवा मी घाई करतो का?"

चाकाचे नट, ब्रेकचं तेल, पंख्याचा पट्टा, सगळ्यांची रोज सकाळी हजेरी व्हायची. एकदा कचेरीतले एक साहेब आमच्यासोबत नगरला निघाले आणि हा सोहळा बघून वैतागले. तात्या शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडीला तोंड न्हाई. दुखलं तर सांगनार कोन?" साहेब घड्याळ पाहत गाडीत जाऊन बसले. मी मात्र ते वाक्य उचललं आणि पुढे जन्मभर गुरांच्या मालकांना ऐकवलं.

अशा माणसाच्या हातून चूक झाली, तीही देवापायी. खंडेनवमीला तात्या जीपला न्हाऊ घालत, इंजिनाला हळदकुंकू वाहत आणि झेंडूची जाडजूड माळ बांधत. त्या साली माळेची सुतळी त्यांनी नेमकी खटक्यांतून ओवली. खटके अर्धवट बसले. दसऱ्याच्या सकाळी तात्यांनी सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. ओढावं तर माळ तुटणार. सणासुदीला पूजा कशी मोडायची? त्यांनी नुसता नमस्कार केला. मी खुशीत म्हणालो, "आज लवकर सुटलो बुवा!"

राहुरीच्या रस्त्यावर जीपने वेग घेतला आणि बॉनेट धाडकन उलटून काचेवर आदळलं. समोरचं काही दिसेना. मी देवाचं नाव घेतलं की नुसताच किंचाळलो, आठवत नाही. तात्यांनी स्टिअरिंग तसूभरही हलू दिलं नाही. मुंडी बाहेर काढून, ब्रेक दाबत त्यांनी गाडी सरळ रेषेत थांबवली. उतरून पाहतो तर बंपरपुढे हातभर अंतरावर दुधाच्या किटल्या लावलेली सायकल आणि तिच्यावर आमच्या ओळखीचे दूधवाले करीमभाई, पांढरेफटक.

तात्या रस्त्यातच बसले. "याच हातानं फूल वाहिलं, आन् याच हातानं मानूस मारला असता," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला गाडी जेमतेम येत होती. सुतळी कापून, खटके नीट लावून मी बैलगाडीच्या चालीने जीप परत आणली. एरवी तात्यांनी माझी यथेच्छ टर उडवली असती. त्या दिवशी ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि मला त्याचंच फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्या टेबलावर आणि तात्या दवाखान्याच्या ओट्यावर. "माझाच माझ्यावरचा भरवसा गेला, डाक्टर. मला राखनीला बसवा." मी समजावलं, दरडावलं, खोटं खोटं रुसलोसुद्धा. माणूस ढिम्म हलेना. गाडी चालवणं म्हणजेच तात्या होते. तेच सुटलं तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

चौथ्या दिवशी करीमभाई धापा टाकत आले. त्यांची म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं आणि वस्ती चांगली दोन कोसांवर होती. मी पिशवी आणि किल्ली घेऊन जीपकडे धावलो.

"डाक्टर, तुमच्यानं पोचायला सांज हुईल," करीमभाई म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि ओट्यावर जाऊन तात्यांच्या मांडीवर ठेवली.

तात्यांनी मान खाली घातली. "करीमभाई, त्या दिशी माझ्या हातनं तुमी..."

"व्हय, मेलो असतो. पर तुमीच वाचिवलं ना? उठा आता, म्हस लई कळा देतीया."

एवढं बोलून ते जीपमध्ये पुढे, तात्यांच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. तात्या उठले. मी पिशवी घेऊन मागे बसलो.