जुलेखाची अर्धी वीट

दौंडहून सलीमचा फोन आला, "मावशी, अम्मी गेली," तेव्हा मी शिरूरला लेकीकडे गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. महिना होत आला त्याला. खरं सांगू, रडू नंतर आलं. आधी राग आला... जुलेखावर नाही, माझ्यावर. साठ-पासष्ट वर्षांचा मुरलेला राग.

आम्ही दोघी निमोण्याच्या, कुंपणाला कुंपण. ती दोन वर्षांनी मोठी, चौथीतच शाळा सुटलेली. मी सातवीपर्यंत पोचलेली, त्यामुळे गावातली सगळी अक्कल माझ्याकडेच. सातवीची फायनल द्यायला शिरूरला जावं लागे. गुरुजी बैलगाडीतून नेणार होते आणि नेमकं त्याच पहाटे पोट पिळवटायला लागलं. कुंपणाशी मी दुमडलेली पाहून जुलेखाला न सांगता कळलं. चुलीच्या कडेला तापलेली अर्धी वीट लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ती घेऊन आली, सोबत ओवा नि गूळ घालून उकळलेलं पाणी.

"ही पोटाला धर, हे घोट घोट पी, आन् गाडीत बस. घरात कुणाला सांगू नगंस."

आता माझं शहाणपण ऐका. मी दोन पावलं मागं सरले. "मला शिवू नकोस. तुझ्या चुलीला विटाळ होईल."

ती हसली. "आमच्यात या दिसांत नमाजाला सुट्टी हाय, शकू. भाकरीला न्हाई."

तरीही मी तडक जाऊन आईला सांगितलं. ती तरी काय करणार, सांगितल्यावर? तिनं मला परसात गोणपाटावर बसवलं. पुढच्या दारावरून बैलांचे घुंगरू वाजत निघून गेले... तेव्हा कुठं माझा हात कुंपणापलीकडे, वीट धरून अजून उभ्या असलेल्या जुलेखाकडे गेला. वीट पोटाशी धरली, ओव्याचं पाणी प्यायले, जुलेखानं सांगितलं तशी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले. तासाभरात दुखणं उतरलं. गाडी शिरूरला पोचलीही नसेल आणि मी इथं ठणठणीत, गोणपाटावर. पुढच्या वर्षी परीक्षेऐवजी लग्न झालं.

जुलेखा रेल्वेतल्या खलाशाला दिली, दौंडला गेली. भांड्यांबरोबर वीटही नेली. मी गेले की दारातूनच म्हणायची, "या, फायनल पास!" शेजारणी, त्यांच्या पोरी, सगळ्यांना तिनं ती वीट पुरवली. एकदा मी विचारलं, तुझं पोट दुखायचं तेव्हा वीट कोण तापवायचं गं?

"भाकऱ्या थापताना पोट चुलीपाशीच असतंय की," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली. हे विचारायलाही मला वीस वर्षं लागली होती...

ती गेल्यावर दौंडला गेले. बैठकीत दहा-बारा पुरुष, आणि तिची नात कंबर धरून चहाचे कप फिरवत होती. स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तर कानाशी येऊन कुजबुजली, "ॲसिडिटी म्हणून सांगितलंय." मला असा संताप आला. इतकी वर्षं गेली आणि आम्ही अजून कुजबुजतोच आहोत?

गॅसच्या शेगडीमागं वीट होतीच. तापवली, टॉवेलात गुंडाळली, आणि पोरीला बजावलं की दर महिन्याला इतकी तळमळत असशील तर नुसत्या विटेवर राहू नकोस, डॉक्टरीणबाईंकडे जा. मग बैठकीतून तिला आतल्या खोलीत न्यायला निघाले.

सलीमनं विचारलं, "मावशी, वीट कशाला?"

साठ वर्षांपूर्वी नको तिथं तोंड उघडलं होतं.

"पोरीची पाळी आलीय," मी म्हणाले. "चहा आता तू कर."

सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले. सलीम उठला. आत पोर कुशीवर पडली आणि मी वीट तिच्या हातात दिली. एक बाजू जळून काळीठिक्कर झालेली... पोटाकडची मात्र गुळगुळीत.