सिस्टर आणि बक्षिसाच्या गोष्टी

“बिनबक्षिसाच्या गोष्टी गल्लीत लई हायत, सर. मला बक्षिसाचीच लावा.”

मोबाइल माझ्यापुढं धरून सिस्टर असं म्हणायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, लातुरात आमच्या समोर एकट्या राहायच्या. विज्ञानकथांचं त्यांना भारी वेड. पण साखरेच्या आजारानं नजर अधू केली आणि वाचन सुटलं. आता त्यांना गोष्टी ऐकायच्या होत्या. त्याही परग्रहावरच्या, जुन्या, मोठं बक्षीस मिळालेल्या.

त्या फोनला हुकूम सोडायच्या, “चंद्रावरली, बक्षीस भेटलेली गोष्ट लाव.” फोन कधी राशिभविष्य लावायचा, कधी सोडतीची जाहिरात. “ह्येला ऐकू कमी येतंय,” म्हणत त्या वॉर्डातल्या आवाजात पुन्हा ओरडायच्या.

शेवटी मला एक सापडली, पण इंग्रजीत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून मधेमधे थांबवून मराठीत सांगितली. अंतराळयानात एकटी उरलेली म्हातारी पृथ्वीला हाक मारते. उत्तर यायला कित्येक वर्षं लागतात. येतं, तेव्हा ती नसते.

सिस्टर भडकल्याच. “ह्येला बक्षीस कुणी दिलं? पेशंट गेल्यावर डॉक्टर आला, त्यात काय कौतुक?”

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. पाण्याच्या रांगेत तोवर दोनच विषय असायचे: टँकर कधी येणार आणि उदगीरचा नवा जिल्हा कधी होणार. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी तिथं तीच गोष्ट सुरू केली. म्हातारी आता जळकोटची झाली होती. टँकर आला तरी बायका हलेनात. ड्रायव्हरनं इंजिन बंद करून मान बाहेर काढली.

“मग म्हातारीला उत्तर भेटलं का न्हाई?”

“भेटलं की! तू पाइप सोड, सांगते.”

मग ते रोजचंच झालं. मी गोष्टी शोधायचो, आणि सिस्टर रांगेत सांगताना त्यातल्या कुणालाही मरू द्यायच्या नाहीत.

नजर आणखी गेली तेव्हा लेकीनं त्यांना नांदेडला, विष्णुपुरीला नेलं. थोड्याच दिवसांत फोन आला.

“सर, हितं नळाला पाणी हाय, पण ऐकायला कुणी न्हाई. टँकर आला का तिकडं?”

“अजून नाही.”

“मग फोन रांगेत ठेवा की.”

शेजारणीनं घागर पालथी घातली, तिच्यावर मी फोन ठेवला. सिस्टर विष्णुपुरीतून गोष्ट सांगत होत्या आणि आमची रांग घागरीवर वाकली होती. पुढं पुष्कळदा असंच चाललं.

एका सकाळी रांगेत पुन्हा त्यांचं नाव फोनवर दिसलं. मी उचलला. आवाज लेकीचा होता.

“सर, आई गेली.”

 तोवर शेजारणीनं घागर पालथी घालून ठेवली होती, आणि बायका भोवती सरकून गोष्टीची वाट बघत होत्या.